उभ्या बाजारातील पंचनामा

आमच्या गाडीस संधिवात जडला आहे हा शोध प्रथम लावला तो आमच्या कुटुंबाने. आणि तोही गाडीखाली वाकून किंवा यंत्रशास्त्राचे एखादे पुस्तक चाळून नव्हे, तर दोहातील एका गतिरोधकावरून गाडी उतरत असता, मांडीवर चकलीचा डबा घट्ट धरून आणि डोळे मिटून लावला. "अहो, पुढे उजव्या बाजूला काहीतरी 'टक्' म्हणालं," असे त्यांनी सांगितले. "रस्ता म्हणाला असेल," असे मी, नवरेपणास शोभेल अशा तत्परतेने, उत्तर दिले. "रस्ता कसा म्हणेल? जिना उतरताना तुमचा गुडघा म्हणतो, अगदी तोच आवाज," एवढा निवाडा देऊन त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुढे सव्वा महिना लोटल्यावर आणि तीन स्नेही, एक कारागीर, एक तपासनीस, एक घोडेस्वार शिपाई आणि एक हमाल एवढ्यांचे श्रम खर्ची पडल्यावर जो निष्कर्ष निघाला तो याहून एका अक्षराने निराळा नव्हता, हे येथे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण हा लेख घरी वाचला जाण्याचा संभव आहे.

गाडी म्हणजे लँड क्रूझर. १९९८ ते २००७ या काळात जी 'शंभर'ची मालिका निघाली तिच्यातील २००१ सालचे अपत्य. कतारमध्ये या गाडीचे माहात्म्य काय वर्णावे! पेशवाईत पागेतील घोड्यावरून सरदाराची पायरी ओळखीत, त्याप्रमाणे येथे दारातील लँड क्रूझरच्या सालावरून माणसाची पायरी ओळखतात. आणि सरदाराच्या पागेतून उतरलेला घोडा जसा हातोहात खाली येत येत अखेरीस टांग्यास जुंपला जातो, तशी ही गाडीही तीन मालकांच्या हातून उतरत्या भाजणीने येऊन शेवटी एका मराठी हिशेबनिसाच्या दारात उभी राहिली. मूळ मालकाने तिला वाळवंट दाखविले, दुसऱ्याने समुद्र दाखविला, तिसऱ्याने कर्जाचे हप्ते दाखविले आणि मी तिला मेथीच्या जुड्या दाखविल्या. हिवाळ्यात दोन-तीन वेळा आम्ही चार कुटुंबे मिळून, टायरांतील हवा पंधरा-अठरा पौंडांपर्यंत उतरवून, सीलाइनच्या वाळूच्या टेकड्या चढतो आणि शहराच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरांवर जेथे समुद्र वाळवंटाच्या पोटात शिरून बसला आहे त्या खोर अल-उदैदच्या काठी थालीपीठ खाऊन परत येतो. वर्षाचे उरलेले दिवस ही सुमारे अडीच टनांची गाडी पाव किलो कोथिंबीर वाहण्याचे काम निष्ठेने करते.

त्या 'टक्' या एकाक्षरी उद्गाराकडे मी दुर्लक्ष केले असते आणि दुर्लक्षाने तो थांबला असता, असा माझा आजही विश्वास आहे; परंतु मध्यंतरी वार्षिक तपासणीचा दिवस आला. कतारात गाडीच्या नोंदणीस 'इस्तिमारा' म्हणतात आणि जुन्या गाडीचा इस्तिमारा नवा करावयाचा तर दरसाल तिची प्रकृती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागते. तपासनिसाने गाडी एका खळग्यावर उभी करून, खालून दिवा दाखवून, दोन मिनिटांत तिला नापास केले आणि कागदावर अरबीत एक ओळ खरडून दिली. तिचा तर्जुमा आमच्या कचेरीतील मिसरी सहकाऱ्याने 'पुढच्या उजव्या पायाच्या घोट्यात हालचाल' असा केला. तो कागद घेऊन मी औद्योगिक वसाहतीतील एका कारागिराकडे गेलो. त्याने गाडी चौकटीखाली जॅक लावून उचलली, लोंबकळणारे चाक दोन्ही हातांनी गदगदा हलविले आणि "साब, एकदम टाइट है" असा निर्वाळा दिला. एका अधिकाऱ्याने ढिला म्हटलेला सांधा दुसऱ्या अधिकाऱ्याने घट्ट म्हटला, आणि दोघांनीही पैसे मात्र सारखेच घट्ट धरून घेतले. इस्तिमारा मौकूफ राहिला.

मराठी माणसापुढे दोन परस्परविरुद्ध निकाल आले म्हणजे तो तिसरा निकाल स्वतः देण्यासाठी समिती नेमतो. आमच्या समितीची बैठक सूक वाकिफमध्ये, शुक्रवारी सकाळी, चहाबरोबर भरावी असे ठरले. स्थळ निवडण्यात एक सोय होती. शुक्रवारी सकाळी या बाजारातील बहुतेक दुकाने बंद असतात, ती दुपारची नमाज झाल्यावर उघडतात. त्यामुळे मसाल्याच्या गल्लीतला केशर-दालचिनीचा दर्प, ससाण्यांच्या बाजारातील डोळ्यांवर चामडी टोप्या घातलेल्या पक्ष्यांची गंभीर सभा आणि प्रवाशांची झुंबड यांचा उपसर्ग होत नाही, आणि गाड्या उभ्या करण्याच्या आवारात ऐसपैस जागा मिळते. करक चहाची टपरी मात्र उघडी असते, आणि समितीच्या कामकाजास याहून अधिक काही लागत नाही.

या बाजाराच्या नावाने मला पहिल्या दिवसापासून झपाटले आहे. वाकिफ म्हणजे अरबीत 'उभा'. पूर्वी येथून मुशेरिबचा ओढा वाहत असे, भरतीचे पाणीही आत येई, आणि पथारी मांडून बसण्यास कोरडी भूमी नसल्यामुळे विकणारे उभ्याने विकीत व घेणारे उभ्याने घेत. म्हणून हा उभा बाजार. परंतु हाच शब्द इराणमार्गे आपल्याकडे आला तो वाटेत कोठेतरी बसून, शिकून, शहाणा होऊन आला. आपल्या दफ्तरांत वाकिफ म्हणजे जाणता, आणि त्याच्याच घराण्यातला वाकबगार म्हणजे तर पुरता निष्णात. मूळ धातू एकच, पण अरबाने त्याला उभा केला आणि आपण त्याला विद्वान केले. त्याच धातूचा एक मुलगा 'मौकूफ' होऊन आमच्या इस्तिमाऱ्याच्या नशिबी आला, आणि 'मौकिफ' नावाचा दुसरा मुलगा दोहात गाड्या उभ्या करण्याच्या प्रत्येक आवाराच्या पाटीवर नोकरीस आहे. तेव्हा त्या शुक्रवारी वाकिफ बाजाराच्या मौकिफात, मौकूफ इस्तिमाऱ्याच्या गाडीभोवती, आम्ही सारे जण वाकिफ होतो यात शंका नाही; प्रश्न एवढाच होता की अरबी अर्थाने की मराठी अर्थाने.

मुंबईच्या माणसाला येथे परके वाटत नाही याचेही कारण आहे. तेल सापडण्यापूर्वी कतारचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६६ पर्यंत या बाजारात व्यवहार रुपयातच होई. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व बँकेने आखातापुरत्या निराळ्या रंगाच्या नोटाही छापून दिल्या होत्या. आज दिसणारा बाजार मात्र जुना दिसण्यासाठी नवा केलेला आहे. २००३ साली येथे आग लागली, आणि त्यानंतर मोडकळीस आलेल्या इमारतींची, मातीचा गिलावा, लाकडी वासे आणि बांबूचे छत अशा जुन्या रीतीने डागडुजी करण्यात आली. जुन्या वस्तूचे सांधे बदलले म्हणजे ती पुन्हा उभी राहते, याचे एवढे मोठे उदाहरण समोर असता आमच्या गाडीविषयी निराश होण्याचे कारण नव्हते.

समितीचे सभासद तीन. एक सातारकर, यांचे वडील पाटबंधारे खात्यात असल्यामुळे यांचे बालपण सरकारी जीपमध्ये गेले, आणि १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला या घटनेकडे ते स्वातंत्र्यप्राप्तीच्या जोडीची घटना म्हणून पाहतात. दुसरे कोल्हापूरकर, हे उद्यमनगरातील ओतकामाच्या कारखान्यांच्या धुरात वाढले असल्यामुळे लोखंडाच्या कोणत्याही तुकड्यास ते 'आपलं बाळ' अशा दृष्टीने कुरवाळतात आणि त्याच्या किमतीविषयी बोलू लागतात. तिसरे पुणेकर, यांनी त्या गाडीची दुरुस्तीची अधिकृत पुस्तिका छापून, पुठ्ठ्याची बांधणी करून आणली होती, आणि ती पहिल्या पानापासून क्रमाने वाचल्याखेरीज गाडीस हात लावू देणार नाही अशी त्यांची प्रतिज्ञा होती. आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा ते 'या पुस्तिकेचा उपयोग कसा करावा' या प्रकरणावर होते.

आता ज्या सांध्यावरून हे रामायण घडले तो सांधा म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. मोटारवाले त्याला बॉल जॉइंट म्हणतात; आपले वैद्य ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, खांद्यात आणि खुब्यात असतो तो, त्याचाच हा पोलादी भाऊ. पुढच्या चाकाला दोन भुजा धरून असतात, एक वरची व एक खालची. चाकाने खड्ड्यात उतरावे, उंचवट्यावर चढावे आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळावेही, अशा त्रिविध संसारासाठी प्रत्येक भुजेच्या टोकाशी लिंबाएवढा एक गोळा एका वाटीत बसविलेला असतो. वाटीत ग्रीस आणि तोंडाला रबराची टोपी. टोपी शाबूत आहे तोवर गोळा वर्षानुवर्षे लोण्यात फिरावा तसा फिरतो. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते आणि बाहेरचे आत जाते. सांगली-साताऱ्याकडे बाहेरचे म्हणजे चिखल. येथे बाहेरचे म्हणजे पिठासारखी बारीक वाळू आणि उदैदच्या काठचे खारे पाणी. ग्रीस आणि वाळू यांचे जे उटणे होते ते सहाणेचे काम करते, आणि गोळा प्रत्येक वळणागणिक चंदनासारखा झिजत जातो. सुगंध तेवढा येत नाही. झीज वाढली की प्रथम गतिरोधकावर 'टक्' होते, मग सुकाणू सरळ रस्त्यावर स्वतःची मते बाळगू लागते, मग टायर एका कडेने खाल्ले जाते. आणि तरीही मालकाने ऐकले नाही तर एके दिवशी गोळा वाटीतून निघून येतो, चाक पंख मिटल्यासारखे आत किंवा बाहेर कोसळते आणि गाडी आपल्या छातीवर बसते. हे शेवटचे दृश्य मी सीलाइनच्या रस्त्यालगत दुसऱ्याच्या गाडीचे पाहिले आहे. गुडघे टेकलेला उंट उठतो. ती गाडी उठली नाही.

कामकाजास आरंभ झाला तो अर्थातच मतभेदाने. सातारकरांनी गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून तीन वेळा झुलविला, कान दिला, आणि "किंग पिन गेली," असे सांगितले. या गाडीस किंग पिन नसते, ती त्यांच्या वडिलांच्या जीपला होती, हे कोल्हापूरकरांनी दाखवून दिले. त्यावर "म्हणूनच गेली म्हटलं," असे उत्तर सातारकरांनी दिले. कोल्हापूरकर टॉवेल अंथरून गाडीखाली शिरले आणि तेथून बराच वेळ केवळ "वा! काय ओतीव काम आहे, वा!" एवढेच ऐकू येत राहिले. मी कारागिराचे अनुकरण करून चौकटीखाली जॅक लावला, चाक भुईवरून उचलले आणि वरखाली धरून हलविले. चाक जागचे हलले नाही. खालून कोल्हापूरकरांनी सांध्यावर बोट ठेवले होते. त्यांनाही काही कळले नाही. पुणेकर 'बोल्ट आवळण्याची बले' या कोष्टकापर्यंत आले होते.

एव्हाना भोवती माणसे जमली होती. सुटीच्या दिवशी, थंडीच्या कोवळ्या उन्हात, बंद बाजारालगत कोणी गाडी उचलून ठेवली असेल तर तेथे न थांबणारा मनुष्य मला अजून कोणत्याही खंडात आढळलेला नाही. दोन केरळी दुकानदार, एक नेपाळी रखवालदार, सुदानी वाटणारा एक वृद्ध गृहस्थ, मुलाला खांद्यावर घेतलेला एक फिलिपिनो, सारे हात मागे बांधून उभे. शुद्ध अरबी अर्थाने वाकिफ. परंतु मौज अशी, की पाच मिनिटांत त्यांतील प्रत्येक जण इराणी-मराठी अर्थानेही वाकिफ झाला. एकाने बेअरिंग सांगितले, एकाने शॉक ॲब्सॉर्बर, एकाने टाय रॉड. सुदानी गृहस्थांनी हातवारे करून सुचविलेला उपाय बहुधा गाडी जाळून टाकण्याचा होता. सातारकरांनी तेवढ्यात, येथे ससाण्यांचे स्वतंत्र रुग्णालय आहे व तेथे क्ष-किरणाचे यंत्रही आहे, तेव्हा सांधा काढून तेथेच न्यावा, असा ठराव मांडला. ज्या देशात ससाणा विमानात आसनावर बसून प्रवास करतो त्या देशात लँड क्रूझरचा सांधा पक्ष्यांच्या रांगेत बसविण्यास हरकत नसावी, हे मलाही पटले होते. पण अनुमोदन देण्यापूर्वीच मागून टापांचा आवाज आला.

जुन्या पद्धतीचा गणवेश ल्यालेले घोडेस्वार शिपाई या बाजारात पहारा देतात, हे पाहुण्यांना दाखविताना किती रमणीय वाटते! गाडी जॅकवर असताना आणि मित्राचे केवळ पाय गाडीखालून बाहेर दिसत असताना ते तितके वाटत नाही. मी माझ्या सात शब्दांच्या अरबीतील पाच शब्द एकदम उच्चारले. शिपायाने पांढरा घोडा थांबविला, गाडीकडे वरून खालवर पाहिले, आणि कायद्याची कोणती कलमे ऐकावी लागतात म्हणून मी श्वास रोखला असता त्याने विचारले, "मॉडेल काम?" म्हणजे साल कोणते. मी २००१ म्हणताच त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो मला परिचित होता. आमच्या गावी कोणाची म्हैस आटली असे कळल्यावर पाटलाच्या मुद्रेवर तोच उमटे. "बीअ," तो म्हणाला. विकून टाक. दोन बोटे वर करून त्याने नव्या मालिकेची थोडी स्तुती केली आणि, काम झाल्यावर जागा स्वच्छ ठेवा अशा आशयाचे काहीतरी सांगून, तो निघून गेला. ज्याचे स्वतःचे वाहन चारही सांध्यांसह आपोआप चालते त्याला विकण्याचा सल्ला देणे सोपे आहे.

त्या गर्दीत एकच मनुष्य असा होता, की तो उभा होता पण बोलत नव्हता. गर्द तांबडी बंडी घातलेला, पांढऱ्या दाढीचा, एकचाकी हातगाडी पुढ्यात घेतलेला तो या बाजारातील हमाल होता. हमाल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि आपण तो जसाच्या तसा ठेवला, विद्वान वगैरे केला नाही. ओझ्याच्या बाबतीत आपण फारशी कल्पकता दाखवीत नाही. बलुची असावा असे त्याच्या बोलण्यावरून वाटले. मी तिसऱ्यांदा चाक गदगदा हलवून कपाळाचा घाम पुसला तेव्हा तो पुढे आला, माझ्या जॅककडे त्याने बोट केले आणि हिंदुस्थानीत म्हणाला, "साहेब, बोझा तो उतरा नहीं. पहले बोझा उतारो, फिर चक्का हिलाओ."

मी म्हटले, बोजा उतरला आहे, चाक अधांतरी आहे. त्यावर त्याने आपली हातगाडी दाखविली. भरल्या गाडीचे चाक कितीही डुगडुगते असले तरी ओझ्याखाली ते मुकाट्याने सरळ राहते. ढिले आहे की नाही हे पाहावयाचे तर पोती उतरवावी लागतात. हे मलाही कळत होते. पण पुढचे वाक्य त्याने माझ्या गाडीच्या पोटाकडे वाकून सांगितले. चाक भुईवरून सुटले खरे, पण आत जी पीळ खाल्लेली पोलादी दांडी खालच्या भुजेला सतत दाबून धरते तिचा जोर सुटलेला नाही. गोळा अजूनही वाटीच्या एका कडेला दडपलेलाच आहे, आणि दडपलेला आहे तोवर तो ढिलेपणा कबूल कसा करणार? जॅक हवा तो चौकटीखाली नव्हे, खालच्या भुजेखाली, आणि तोही जितका बाहेर, चाकाजवळ, नेता येईल तितका. म्हणजे दांडीचा सारा जोर जॅक घेईल आणि सांधा मोकळा राहील. हे सारे त्याला कसे ठाऊक, असे विचारता त्याने, तरुणपणी ट्रकवर होतो, एवढेच सांगितले.

नेमक्या त्याच क्षणी पुणेकरांनी पुस्तिकेतून मान वर केली आणि "हो, बरोबर आहे, येथे तसेच दिले आहे," अशी त्या हमालाच्या विधानास मान्यता दिली. ही मान्यता मिळाल्यामुळे हमालास विशेष आनंद झाल्याचे दिसले नाही.

मग जो पंचनामा झाला तो सविस्तर देतो, कारण तो खरा आहे आणि कोणाच्याही उपयोगी पडेल. हातब्रेक ओढला, मागील चाकांस दगड लावले, आणि जॅक हा मनुष्यप्राण्याचा मित्र असला तरी जामीनदार नव्हे हे जाणून चौकटीखाली घोडी उभी केली. कोल्हापूरकरांस त्यांच्या इच्छेविरुद्ध बाहेर ओढले. जॅक खालच्या भुजेखाली, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून, लावला आणि चाक भुईपासून चार बोटे वर घेतले. हमालाने पहार मागितली. ती आमच्याकडे नव्हती. एका केरळी दुकानदाराने आपल्या बंद दुकानातून तंबूचा लोखंडी दांडका आणून दिला, आणि त्यासाठी तो शुक्रवारचे कुलूप उघडून आला हे मी विसरणार नाही. दांडक्याचे टोक टायरखाली घालून हमालाने हलकेच वर उचलले. आणि त्या शांत सकाळी, शंभर पावलांवर असलेल्या चहाच्या टपरीवर बसलेल्या आमच्या कुटुंबासही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट स्वरात, गाडी 'टक्' म्हणाली.

त्या एका अक्षराने जमावात जो हर्ष पसरला तो एखाद्याच्या हानीने पसरणाऱ्या हर्षांत फार निर्मळ प्रकारचा होता. प्रत्येकाने एकेकदा दांडका उचलून पाहिला. खालच्या उजव्या सांध्यावर बोट ठेवले असता गोळा वाटीत चांगला जाडसर पुठ्ठ्याएवढा वर-खाली सरकताना कळत होता. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर हलविले, हलले. येथे कोल्हापूरकरांनी कायदेशीर आक्षेप घेतला, की हे बेअरिंगचेही असू शकेल. आक्षेप रास्त होता. त्यावरील परीक्षा पुस्तिकेतही आहे आणि हमालासही ठाऊक होती: एकाने ब्रेक दाबून धरावा, म्हणजे चाक व त्याचा आधार एकजीव होतात, हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, न थांबले तर सांध्याचा. ब्रेक दाबण्यासाठी कुटुंबास पाचारण केले. त्यांनी चहाचा पेला हातात ठेवूनच ब्रेक दाबला. हलणे थांबले नाही. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलविले, तेव्हा काही हलले नाही. अर्थात टाय रॉडची टोके निर्दोष सुटली, आणि तो आरोप करणाऱ्या गृहस्थांनी विषय बदलला. वरचे सांधे ठीक होते. डाव्या बाजूस खालच्या सांध्याची रबरी टोपी फाटलेली निघाली व तिच्यात अर्धी मूठ वाळू निघाली. तो अजून 'टक्' म्हणत नव्हता, पण म्हणण्याच्या बेतात होता.

ब्रेक सोडल्यावर कुटुंब खाली उतरले, सांध्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला, आणि "मी काय म्हटलं होतं?" हा प्रश्न न विचारता ते चहाकडे परत गेले. प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते.

त्या सकाळपासून मला एक वाईट खोड लागली आहे. पूर्वी मी माणसे पाहत असे, आता मी त्यांच्यावरचा भार कोणत्या बाजूने उतरविता येईल ते पाहतो. आमचे एक वरिष्ठ अधिकारी कामाच्या रगाड्यात पोलादासारखे ताठ असतात. रजेवर महिनाभर कोकणात गेले तेव्हा रोज रात्री अकराला दूरध्वनी करून कचेरीतील कुंड्यांना पाणी घातले का असे विचारीत. मंडळाच्या गणेशोत्सवात दहा दिवस ज्या समितीत एकही सांधा हलत नाही, ती विसर्जनानंतर हिशेबाच्या सभेत अशी काही खुळखुळते, की पहारही लागत नाही. आणि माझा स्वतःचा गुडघा जिन्यावर बोलतो पण वैद्याच्या मेजावर लांब केला असता गप्प बसतो, म्हणजे त्याची रचना लँड क्रूझरच्या अगदी उलट आहे. गावाकडचा आमचा हाडवैद्य रोग्याला आधी आडवा करी, मग हात लावी. आणि उभ्या रोग्याचे ऐकून घेण्याचे त्याने ठाम नाकारले होते. लहानपणी मला तो उद्धटपणा वाटे.

हमालास काय द्यावे याविषयी समितीत कुजबुज झाली. मी नोट पुढे केली तेव्हा त्याने ती परत सारली. सांगण्याचे पैसे तो घेत नाही, वाहण्याचे घेतो. मग आम्ही जॅक, घोडी, टॉवेल, पुस्तिका आणि चहाचे रिकामे थर्मास त्याच्या हातगाडीत घालून ते सारे सातारकरांच्या गाडीपर्यंत, म्हणजे मोजून साठ पावले, वाहून घेतले आणि त्याची रीतसर हमाली चुकती केली. त्याने ती मोजून घेतली. जाताना त्याच्या हातगाडीचे चाक करकरत होते. त्यास ग्रीस लावून देऊ का, असे कोल्हापूरकरांनी विचारले, तेव्हा आवाजाने गर्दी बाजूला होते, असे तो म्हणाला.

पुढची हकीकत थोडकी आहे. खालचे दोन्ही सांधे नवे घेतले. स्वस्तातील घ्यावे की मूळ कंपनीचे, यावर समितीची आणखी एक बैठक झाली, ती वृत्तान्त देण्याजोगी नव्हती, मूळचे घेतले. दुसऱ्या एका कारागिराकडून ते बसविले, चाकांची दिशा जुळवून घेतली, कारण सांधा बदलून दिशा न जुळविणे म्हणजे दात बदलून जुनाच चावा ठेवणे होय, आणि त्याच आठवड्यात गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली. इस्तिमारा मौकूफ होता तो बहाल झाला. काढलेल्या सांध्यांपैकी डावा कोल्हापूरकरांनी ओतकामाचा नमुना म्हणून मागून नेला. उजवा आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला आहे, आणि पाहुणे आले की कुटुंब तो हातात देऊन हलवून पाहावयास सांगते.

समितीचे काम मात्र संपले नाही. वार्ता पसरली, आणि आता महिन्यातून एका शुक्रवारी कोणी ना कोणी आपली जुनी पजेरो, पॅट्रोल किंवा प्राडो घेऊन येतो. खालच्या भुजेवर भार असलेली गाडी आणि वरच्या भुजेवर असलेली गाडी यांत जॅकची जागा बदलते, तेव्हा येण्यापूर्वी आपल्या गाडीची दांडी किंवा कमान कोणत्या भुजेला धरून आहे एवढे तरी पाहून यावे, अशी विनंती आहे. सकाळी आठ वाजता, त्या आवारात, चहाच्या टपरीच्या बाजूस आम्ही असतो. पहार आता आमची स्वतःची आहे. लाकडाचा ठोकळा मात्र ज्याचा त्याने आणावा. आमचा गेल्या खेपेस कोणीतरी उसना नेला आहे.